हेमिंगच्या बायकांचा शनिवार

"बघा साहेब, पाच दिवसांत सहा दिवसांचा माल." मी तक्ता मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. हिरव्या स्केचपेनने रेघसुद्धा मारली होती. काय ती माझी हौस!

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी हेमिंगची सुपरवायझर आहे. हेमिंग म्हणजे टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या. सेक्शनमध्ये सगळ्या बायकाच. वर्षभर आम्ही शनिवारच्या सुट्टीसाठी अर्ज दिले, सह्या गोळा केल्या, गेटवर बोर्ड धरून उभ्या राहिलो. सगळ्यांत पुढे पद्माक्का. तिच्या मुलीला ऐकू येत नाही. आता कानाला मशीन बसवलंय, पण बोलायला शिकवणाऱ्या बाई फक्त शनिवारी येतात, आणि आईनेही शेजारी बसून शिकायचं असतं. पद्माक्का शनिवारी आमच्याकडे कडा शिवत असायची.

शेवटी मॅनेजर म्हणाले, "एक महिना ट्रायल. प्रॉडक्शन पडलं की सुट्टी बंद."

झालं, बायका पेटल्या. चहाला उठेनात. डबा दहा मिनिटांत. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी पिईनात. मी म्हटलं, "अगं, आजारी पडाल."

पद्माक्का मान वर न करता म्हणाली, "पडू दे की मॅडम. पोरगी परवा अम्मा म्हणाली मला."

मी रोज संध्याकाळी आकडे लिहीत राहिले.

मॅनेजरांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही आरामात काम करत होता."

"साहेब, चहा-पाणी सोडलंय हो त्यांनी."

"मी नव्हतं सांगितलं. पाच दिवसांत एवढं होतं, तर सहा दिवसांत किती होईल? सोमवारपासून रोजचं टार्गेट हेच. शनिवार पहिल्यासारखा चालू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला लाज कशी वाटत नाही? आणि त्याला हत्यार दिलं कोणी, तर मीच, तेही रंगवून.

पद्माक्काला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तक्ता तुमी काढलात की." मला वर बघवेना. आता ती शनिवारी बिनपगारी रजा टाकते, आणि दरवेळी मेमो घेते.

परवा आम्ही शनिवारच्या सुट्टीची पुन्हा ट्रायल मागणारा नवा अर्ज दिला. पहिली ओळ मी घातलीय: ट्रायलच्या महिन्यात सगळ्या जणी वेळेवर चहाला उठतील. त्याखाली पहिली सही पद्माक्काची आहे.