ओसरीवरचा बैल

मध्य प्रदेशातल्या लांजीकडच्या आमच्या गावात पोळ्याला ओसरीच्या भिंतीवर चुन्या-गेरूने बैल काढायची रीत होती. कोणताही बैल चालत नसे. आपल्याच गोठ्यातला हवा, त्याच्याच शिंगांचा, त्याच्याच ठिपक्यांचा. आमच्या घरी तो मान माझा. चौदा वर्षांची होते, शाळेत हिंदी, घरी मराठी, आणि डोकं दोन्हीकडे सारखंच गरम.

त्या वर्षी धानाच्या चिखलणीत आमच्या म्हाताऱ्या बांड्या बैलाचा खांदा जुवाने सोलून निघाला. तरी बा त्याला जुंपतच राहिला. मला बाचा असा संताप आला होता की त्याच्याशी मी धड बोलत नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाने रीतीप्रमाणे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले. बांड्याच्या जखमेवर हळद जरा जास्तच थापली आणि सकाळी वरून झूल टाकली. मनात म्हटलं, वा रे वा, वर्षभर मारायचं अन् एक दिवस ओवाळायचं! मग मी भिंतीवर बांड्या काढला तो बिनझुलीचा. खांद्यावर गेरूचा दाट थर देऊन जखम काढली, माशांसकट. माय म्हणाली, सणाच्या दिवशी हे काय अभद्र. मी ऐकलं नाही. गावाने बघावं आणि बाला लाज वाटावी, एवढंच मला हवं होतं.

दुपारी शेजारच्या गावचा एक शेतकरी बैल बघायला आला. पोळ्याला बैल विकत नाहीत, पण बघायला हरकत नसते. आमच्याकडे नवा गोऱ्हा आला होता आणि तिसऱ्या जनावराची वैरण नव्हती. या माणसाला भाजीच्या मळ्यापुरता, हलक्या कामाचा बैल हवा होता. म्हातारी जनावरं शेवटपर्यंत सांभाळणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याने बांड्याची पाठ थोपटली. मग भिंतीकडे बघितलं, झूल उचलली आणि परत ठेवली. पुरणपोळी खाऊन, गोड बोलून तो गेला, आणि पुन्हा आला नाही. लपवालपवी करणाऱ्याचा बैल नको, असा निरोप तेवढा आला.

बा रागावला नाही. मला म्हणाला, "त्याच्या घरी खांदा भरला असता, पोरी. तुलेच दया येते, मले नाही येत काय?"



पंधरा दिवसांनी हेड्या आला, गुरं गोळा करून कापायला धाडणारा दलाल. त्याला खांद्याशी काय देणंघेणं! दावं हातात घेऊन निघताना तो ओसरीपाशी थांबला आणि चित्र कुणी काढलं म्हणून विचारलं. बाने माझ्याकडे बोट केलं.

"हूबहू उतारा है, बेटी," तो म्हणाला.

माझ्या चित्राला कुणी चांगलं म्हटल्याची ती पहिलीच वेळ. बांड्या त्याच्यामागे मुकाट चालू लागला होता, आणि मला, मेलीला, क्षणभर बरं वाटलं.