दाताचं वय सांगणारा प्रोग्रॅम

"काय काम करतेस?" असं कुणी विचारलं आणि मी म्हटलं, "जुन्या दातांचं वय काढायचं सॉफ्टवेअर लिहिते," की समोरचा आधी स्वतःचं तोंड मिटतो! मग हसतो, मग किस्से विचारतो. महाडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये दात कपाटभर आहेत, आणि किस्से कपाटाबाहेर सांडतील इतके.

मातीत पुरलेला दात जमिनीतलं रेडिएशन थोडं थोडं साठवत राहतो. मशीन त्या साठ्याचा सिग्नल दाखवतं, माझा प्रोग्रॅम त्यावरून वय काढतो. माणसं तीनच: आमच्या बॉस शिर्के मॅडम, मशीन सांभाळणारे पोलादपूरचे सकपाळमामा, आणि मी.

*

पहिल्याच आठवड्यात मी आकड्यांचे दोन कॉलम उलटे वाचले. स्क्रीनवर उत्तर आलं: उणे बारा हजार वर्षं!

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उत्तर तेच.

मागून मामा म्हणाले, "म्हंजे जनावर अजून जन्माला यायचंय! बारशाला बोलावलं तर जाऊया की, मॅडम!"

*

आलेखावरच्या ठिपक्यांतून रेषा नीट गेली नाही, तर प्रोग्रॅमनं 'रेषा बसत नाही' असं सांगायचं. घाईत मी 'रेषा'ची 'रेखा' केली.

दुपारी मामांचा मॅडमना फोन: "मॅडम, कॉम्प्युटर म्हणतोय रेखा बसत नाय. पण हितं कोण पोरगीच नाय! आली की बसवतो!"

*

मॅडमची दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आधी एक्स-रे काढू."

"नको!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "सिग्नल वाढेल! काढल्यावर हीच दाढ आधुनिक नमुना म्हणून मशीनला लावायचीय मला!"

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दाढ तुमचीच आहे ना?"

*

शिवथरच्या शाळेत आम्ही प्रदर्शन मांडलं होतं. एका मावशींना मी ऐटीत सांगितलं, "हा दात चाळीस हजार वर्षांचा. दोन-तीन हजार इकडे-तिकडे."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझं कार्डावर एक वरीस इकडं-तिकडं झालंय गो, तर हापिसात चार खेपा झाल्या. तुला बरं कोण इचारत नाय!"

*

आणि नाते गावचे सखारामकाका. शेतकरी माणूस. एक दिवस लॅबमध्ये आले, खिशातून कागदात गुंडाळलेला दात काढला आणि म्हणाले, "ह्याचं वय सांगा. बाकी काय इचारू नका."

उत्तर यायला दोन महिने लागले. उत्तर आलं: शून्य! मी प्रोग्रॅम तीनदा तपासला. तरी शून्यच. एवढी वाट बघायला लावून म्हाताऱ्याला हे सांगायचं?

"काहीतरी चुकलंय माझं," मी मॅडमना म्हटलं.

"आलंय तेच सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "त्यापुढे एक आकडासुद्धा लावायचा नाही."

काका आले. मी चाचरत म्हटलं, "काका, माफ करा. ह्याचं वय... शून्य येतंय."

काका टोपी सारखी करत म्हणाले, "बराबर हाय. गेल्या शिमग्याला मेली आमची म्हैस."

आणि दुसऱ्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून त्यांनी ती अलगद टेबलावर ठेवली.

"आता हा बघा. हा इहिरीच्या तळाला गावलाय!"