मागच्या सीटवरचा पाळक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, तिला माहीतच आहे. आणि देवाला — त्याच्यापासून काय लपतंय? पण गुडघे टेकून, तोंडानं उच्चारून, त्यालाही नाही. आणि मी कोण? चर्चच्या मंडळीचा पाळक. दर रविवारी उभा राहून लोकांना सांगणार की पाप कबूल करा, मन हलकं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ही म्हण माझ्यासाठीच काढलीय, बघा.

आधी सोपं ते सांगतो. मला मोटरसायकल चालवता येत नाही.

हसलात ना? हसा, हसा. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आमच्या मंडळीत मला ‘मोटरसायकलवाले पाळकसाहेब’ म्हणतात. त्याचं काय करायचं?

झालं असं. आमची माणसं कंपन्यांत कामाला आलेली. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं. राहायला कुणी चऱ्होलीत, कुणी पुनावळ्यात, बरीचशी चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत. घरभेटीला मी बसनं जायचो, आणि निम्मा दिवस थांब्यावरच जायचा. त्यांना माझी दया आली. कापणीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या भोपळ्यांचा, कोंबड्यांचा लिलाव झाला, वर्गणी निघाली, आणि नंतर बघतो तर चर्चच्या दारात त्या पैशांतून घेतलेली, झेंडूचा हार घातलेली मोटरसायकल! गायकवाड काका, आमच्या पंचांतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “साहेब, आता तुम्ही कुणाच्या बापाला ऐकणार नाही.” टाळ्या पडल्या. आता त्या टाळ्यांत कसं म्हणायचं, काका, मला सायकलसुद्धा धड येत नाही? मी आपला मूग गिळून हसत उभा राहिलो. शालिनी, माझी बायको, पदर तोंडाला लावून हसत होती.

कारण तिला येत होती. राहुरीकडचं तिचं माहेर. वडिलांची जुनी गाडी घेऊन उसाच्या रस्त्यांनी हिंडलेली पोरगी ती. लग्न झालं, गाडी सुटली. इथं ती चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला होती, कंपनीच्या बसनं जायची-यायची. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली, “अहो, मी चालवते की. तुम्ही बसा मागं.”

असं सुरू झालं. तिची शिफ्ट सुटली की आम्ही निघायचो. ती पुढं, मी मागं, मांडीवर पिशवी. वस्तीच्या अलीकडच्या वळणावर ती उतरायची, आणि तिथून मी इंजिन बंद ठेवून गाडी हातानं ढकलत न्यायचो. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपलेली असतात ना, लोकांना वाटायचं साहेब त्यांच्यासाठी आवाज करत नाहीत. “किती विचार करतात हो साहेब!” मी मान खाली घालायचो. तेही त्यांना नम्रपणाचंच वाटायचं. रस्त्यात कुणी तिला पुढं बघितलंच, तर माझं उत्तर तयार असायचं — “तिला शिकवतोय.”

पण ते दिवस — काय सांगू तुम्हाला — आमच्या लग्नातले सगळ्यांत चांगले दिवस ते. तळेगाव-चाकण रस्त्याला कंटेनरच्या रांगेतून ती अशी गाडी काढायची की माझी पाचावर धारण बसायची, आणि ही हेल्मेटच्या आत गात असायची. कधी उपासनेतली गाणी, कधी सिनेमातली. मला मागून शब्द कळायचे नाहीत, नुसती पाठ कळायची, गाण्यानं हलणारी. वळणावर मी घाबरून उलट्या बाजूला झुकायचो. ती ओरडायची, “माझ्याबरोबर झुका हो! मागचा सरळ बसायला गेला की गाडी हलते!” खड्डा आला की म्हणायची, “खड्ड्याकडं बघू नका. जायचंय तिकडं बघा.”

आणि मी काय केलं? ते सगळं उचललं आणि रविवारी व्यासपीठावरून सांगितलं. विश्वास म्हणजे काय? चालवणाऱ्याबरोबर झुकणं. मोह आला तर काय करायचं? खड्ड्याकडं बघायचं नाही. “गाडी चालवताना मला प्रभूनं हे शिकवलं,” असं म्हटलं मी. पोरांना इतकं आवडलं की दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली. ती पुढच्या बाकावर बसून ऐकायची, आणि घरी आल्यावर म्हणायची, “प्रभूचा आवाज फार बारीक आहे हो, अगदी बाईसारखा.” चिडवायची नुसती. रागावलेली नव्हती तेव्हा.

बघा, अजून मी वळसेच घालतोय. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

एका रविवारी उपासना संपली होती. आत एकीकडं बायकांची सभा, एकीकडं पंचांची बैठक चालली होती. अंगणात कुणी नव्हतं, फक्त नळापाशी एस्तेरमावशी पाटावर बसून चहाचे कप विसळत होत्या, पाठ माझ्याकडं. एकट्या, पिकलेल्या, सगळ्या मंडळीच्या मावशी. मला वाटलं, हे सोंग पुरे झालं, आज शिकूनच घ्यावं. किल्ली लावली, गिअर टाकला, क्लच सोडला. तो कसा सोडतात ते मागं बसून दिसत नाही हो. गाडीनं उडी मारली. मी — मी बाजूला उडी टाकली. गाडी तशीच गेली आणि मावशींच्या पायावर आडवी झाली.

सगळ्यांत आधी शालिनी धावत आली. गाडी तिनं एकटीनं उचलली. बाकीचे बाहेर आले तेव्हा हँडल तिच्या हातात होतं आणि मी दोन हात लांब, धुळीत उभा. गायकवाड काका म्हणाले, “बाईंनी गाडीला हात लावला वाटतं?”

प्रश्नच होता तो. ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? बायबलातल्या बागेत पहिल्या नवऱ्यानं देवासमोर बायकोकडं बोट दाखवलं, हे मी लहान मुलांना शिकवतो. शिकवताना हसतोही.

मी म्हणालो, “तरी मी सांगत होतो.”

गप्प राहिलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मी बोललो. कुणी माझ्या तोंडात ते घातलं नाही, माझंच मला सुचलं.

शालिनीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग खाली बसून मावशींचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, “चुकलं मावशी माझं.”

पाय मोडला होता. जुळला, पण मावशी लंगडतच राहिल्या. शालिनी रोज शिफ्टवरून उतरली की आधी त्यांच्याकडं, तेल लावायला. मावशी तिच्या डोक्यावर हात फिरवायच्या, “जाऊ दे गं लेकी, शिकताना हुतं असं.” दारात उभा राहून मी ते ऐकायचो. ती क्षमा माझी होती हो. ती तिच्या डोक्यावरून फिरत होती. मावशी देवाघरी गेल्या, तोवर एकदाही मी तोंड उघडलं नाही.

पंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंना गाडी देऊ नका. मी बरं म्हटलं. मग मणक्याच्या दुखण्याचं निमित्त काढलं आणि गाडी तरुण संघाला देऊन टाकली. शालिनीनं त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. घरी आम्ही त्यावर एक शब्द बोललेलो नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फक्त तिचं गाणं बंद झालं. स्वयंपाक करताना म्हणते कधी, पण ते गाणं वेगळं. बसमध्ये शेजारी बसते, आणि चढ आला की तिची उजवी मूठ पर्सच्या बंदावर हळूच वळते, ॲक्सिलरेटर पिळावा तशी. तिला कळत नाही. मला कळतं.

मंडळीत त्याचा विनोद झालाय. कुणाही बाईनं, पोरीनं गाडी घेतली की कुणीतरी म्हणणारच, “मावशीचा पाय सांभाळा!” सगळे हसतात. मी हसतो. शालिनीही हसते.

मागच्या रविवारी आमच्या मंडळीतली प्रेरणा आली. चाकणला कंपनीत लागलीय, स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली पोरीनं, प्रार्थनेसाठी आणली होती. चेहरा नुसता फुललेला. मी गाडीवर हात ठेवून प्रार्थना केली. काकांनी विनोद केला. हशा झाला. तिचे वडीलही हसत म्हणाले, “खरंय साहेब, आधी तिचा भाऊच चालवू दे.” प्रार्थनेसाठी तिनं दिलेली किल्ली माझ्याच हातात होती. मी ती भावाला दिली.

प्रेरणानं माझ्याकडं फक्त बघितलं. असं बघणं मी आधी एकदा पाहिलेलं आहे. या वेळी शालिनी हसत नव्हती.

उद्या रविवार. उद्या उपदेश नाही. काय बोलणार ते शालिनीला आज रात्री सांगेन, तिनं आधी ऐकायला हवं. क्षमा मागणार नाही. मागितली की ती लगेच देऊन टाकेल, तिची खोडच आहे ती. आणि मला ती अशी फुकट नको.

उभा राहून एवढंच म्हणेन. मावशीचा पाय मी मोडला. गाडी शालिनीला येते, उत्तम येते. मला कधीच आली नाही. आणि प्रेरणा, तुझी किल्ली मी चुकीच्या हातात दिली.