वेगळी धुतलेली गोधडी

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात उंब्रजजवळच्या एका गावात आता घरोघर वॉशिंग मशीन घुरघुरतात, आणि गावच्या आशा सेविका बाळाबाईंना नदी आठवते. तेव्हा झाडून साऱ्या बायका गोधड्या घेऊन कृष्णेवर जायच्या. धोपाटण्यांचा आवाज एकीकडं, तोंडाचा पट्टा त्याच्यावर. पुरुषमाणूस तिकडं फिरकायचा नाही.

सहा-सात वर्षं झाली असतील. उपकेंद्रात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवलेली. ग्रामपंचायतीचा शिपाई गुंडा रिक्षातून पुकारत निघाला, रेशनच्या साखरेचं पुकारतो त्याच सुरात : "समस्त भगिनींनोऽऽ, पिशवीचं तोंड तपासून मिळेऽऽल!" बायकांनी तोंडात पदर कोंबून दारं लावून घेतली. बाळाबाईंनी कपाळावर हात मारला, घरातली गोधडी उचलली अन् बायकांना नीट समजावायला नदी गाठली.

तिथं साळूबाई दिसल्या. एरवी मधोमध बसून अख्ख्या गावाच्या नकला करणाऱ्या. आज लांब, खालच्या अंगाला, एकट्याच एक गोधडी घासत होत्या. पाण्यात तांबूस धार.

बाळाबाई शेजारी टेकल्या. "वैनी, तुमची पाळी जाऊन चार वर्सं झाली न्हवं?"

"हळू बोल की गं! उष्णतेनं हुतंय."

"कवापासनं?"

"आखाडापासनं. कुणाला बोललीस तर बघ. सून बाजूला बसवंल मला. अडतीस वर्सं घट मी बसवतीया. घट उठू दे, मग बघू."

"आन् फुडच्या सालचा कोण बसवणार?"

साळूबाईंनी गोधडी पिळली. मग फटकन म्हणाल्या, "दारोदार सांगत फिरतीस. तू केलीस का गं तपासणी?"

बाळाबाईंचं धोपाटणं हातातच राहिलं. केली नव्हती. "भ्या वाटतंय, वैनी."

साळूबाई खो खो हसल्या. "अगं बया! आन् आमाला श्यानपण!"

"उद्या आधी मी झोपते टेबलावर. मग तुमी."

दुसऱ्या दिवशी पडद्याबाहेरून साळूबाईंची हाक : "बाळाबाई, जित्ती हायस का?"

"हाय! व्हिनेगार लावत्यात, लय आंबूस वास येतोय, लोणच्यावानी. झालं बी!"

बाळाबाईंचं ठीक निघालं. साळूबाईंच्या तपासणीत पांढरा डाग, म्हणजे संशयाची खूण, दिसला. पुढची तपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात, आणि तारीख मिळाली नेमकी घटाच्याच दिवसाची. आता सुनेला सांगणं आलं. सांगताना साळूबाईंची मान वर होईना.

सून, संयोगिता, पदर खोचत उठली. मग म्हणाली, "आत्या, तुमी जावा. माती मी चाळून ठेवते. तुमी आल्याबिगार बी पडायचं न्हाई."

दिवेलागणीला साळूबाई परतल्या अन् पहिली मूठ त्यांनीच पेरली. दुखणं लहान असतानाच सापडलं होतं, ऑपरेशनावर भागलं.

यंदाही घटाआधी त्यांचा फोन आला. "बाळाबाई, नदीला येतीस?"

"आवं वैनी, दारात मशीन हाय की तुमच्या!"

"मशीन बोलतंय व्हय गं?"

बाळाबाईंनी धोपाटणं शोधायला घेतलं.