लांबलचक वॉर्ड आणि बंद खोली

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. बायकांचा लांबलचक वॉर्ड, खाटेला खाट लागलेली, संडासाला कायम रांग. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आईनं माझा हात घट्ट धरला. "म्या न्हाय आत जात. मला बेंबळीला घरी ने."

शेजारच्या खाटेवर लोहाऱ्याकडच्या एक मावशी होत्या. त्यांचं तेच ऑपरेशन नुकतंच झालेलं. टाक्यांवर हात दाबत त्या उठल्या, आईच्या मागं बसल्या आणि तिचे केस विंचरायला लागल्या.

"गुंता ऱ्हायला तर पडल्या पडल्या लई तरास हुतो बाई," असं म्हणत त्यांनी दोन वेण्या घातल्या. मधेच स्वतःशी कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या. दुसरी वेणी होईपर्यंत आईचं रडणं थांबलं आणि ती आत गेली.

नंतर आमच्या घरून आलेलं वरण मावशी जेवायच्या, त्यांच्याकडची आंबील आई प्यायची. आम्ही घरी निघताना अख्खा वॉर्ड खाटेवरून हात हलवत होता. मावशींचं घर नेमकं कुठं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. आई अजून त्यांची आठवण काढते.

गेल्या वर्षी आईचा गुडघा बदलला, तो पुण्याच्या खाजगी हॉस्पिटलात. माझा भाऊ पुण्यातच नोकरीला आहे. स्वच्छ खोली, बेल दाबली की सिस्टर हजर. डॉक्टरांनी खुर्ची ओढून सगळं नीट समजावलं. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी आई जेवेना.

"आगं, हितं दुसरं कुणी आजारी न्हाय का?" ती म्हणाली.

वॉकर धरून चालायला लावलं, तेव्हा ती थेट शेजारच्या खोलीपाशी थांबली. आत तिच्याच वयाच्या एक बाई एकट्याच टीव्ही बघत होत्या.

"आजी, दुसऱ्यांच्या खोलीत जाता येत नाही," सिस्टर म्हणाली.

"जात न्हाय. दारातनं इचारते." आईनं आत मान घातली. "काय झालंय तुमाला?"

त्या बाईंनी टीव्ही बंद केला आणि आपल्या खुब्याची सगळी कहाणी सांगितली. आईनंही गुडघ्याची सांगितली. त्या दुपारी आई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनंच त्या दारात एक खुर्ची आणून ठेवली.