लिहिता येतं, वाचता येत नाही

त्या सकाळी मी सांगलीला धाकट्या बहिणीकडे होते. चहा घेताना पेपर उचलला आणि म्हटलं, "आज कानडी पेपर टाकलाय गं." सांगलीत तसं होऊ शकतं. बहिणीनं पेपर बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हा नेहमीचाच आहे."

अक्षरं स्पष्ट दिसत होती, पण एकही ओळखीचं नव्हतं. हातपाय चालत होते, बोलणं साफ होतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. बहिणीनं ऐकलं नाही, रिक्षानं थेट दवाखान्यात नेलं. मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद आणि पेन दिलं. मी लिहिलं, 'मी पाटणजवळच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते.' हात सरसर चालला, हायसं वाटलं. थोड्या वेळानं त्यांनी तोच कागद वाचायला दिला. त्यातलं एकही अक्षर मला लागेना.

माझे यजमान शेजारीच उभे होते. फौजेतून निवृत्त होऊन ते शेती बघतात. "आत्ता तर लिवलंस की," ते हळूच म्हणाले. "मग वाचता का येत न्हाई?"

पंचवीस वर्षं मी मुलांना हीच अक्षरं शिकवत आले होते.

दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी वाट दाखवली. डोळ्यांना न कळणारं अक्षर बोटाला आठवत होतं. छापलेल्या 'क'वरून बोट फिरवलं की तो 'क' आहे, हे उमगायचं. जोडाक्षरांशी मात्र मी हरायचे. घरी आल्यावर रोज दुपारी यजमान रानातून येऊन माझ्याजवळ बसत. मी चुकले तर माझं बोट मागं घेऊन पुन्हा त्याच अक्षरावर ठेवत.

चार महिन्यांनी शाळेत गेले. पाढे, गोष्टी, कविता तोंडी छान चालायच्या. पण एका वहीला अर्धा तास लागायचा, आणि मुलांच्या वह्या शेऱ्याविनाच परत जायला लागल्या. हेडमास्तरांनी सांभाळून घेतलं. मीच ठरवलं, मुदतीआधी निवृत्ती घ्यायची.

अर्ज माझ्या हातानं लिहिला आणि यजमानांना वाचायला दिला. तिसऱ्या ओळीवर ते थांबले.

"हितं एक वेलांटी ऱ्हायलीया."

"कुठं? मला कळत नाही. तुम्हीच द्या."

"मी कशाला? अर्ज तुझा हाय." त्यांनी माझा पेन धरलेला हात त्या जागी नेला. वेलांटी मी दिली.

हल्ली पेपरातली एक बातमी मी वीस मिनिटांत वाचते. एसटीची पाटी मात्र शेजारच्या माणसाला विचारते. गाडी सुटेपर्यंत पाटीवरचं गावाचं नाव माझ्या बोटानं गिरवून होत नाही.