तिरडीवरचा भोंगा

तोंडातला चहा आधी गिळून टाका, मग सांगतो. मागे हे ऐकताना आमच्या भावजींच्या नाकातून आला होता.

तर निवृत्त झाल्यावर मला सिरियलमध्ये काम मिळालं. हो, मलाच! कांदिवलीत आमच्या खालच्या मजल्यावर श्वेता राहते. ती एका मालिकेच्या सेटवर असिस्टंट आहे. एकदा जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, आजोबांचं काम कराल? सगळा सीन तुमच्याभोवती आहे."

खोटं नव्हतं ते. फक्त आजोबा मेलेले होते! मूळ नटाला वेळ नव्हता, म्हणून नुसतं अंग हवं होतं.

घरी मी कशाला सांगतोय? बायकोला एवढंच म्हटलं, "सुलभा, वीसेक माणसं माझ्यासाठी रडणार आहेत." तिने अख्ख्या बिल्डिंगला बातमी दिली.

सकाळी अंधेरीच्या स्टुडिओत पोचलो. मेकअपदादाने नाकात कापूस कोंबला, पांढऱ्यात गुंडाळलं आणि तिरडीवर सुतळीने असं करकचून बांधलं, की खरोखरचा मेलेलाही ओरडला असता. त्याच्या जरा आधी श्वेता टोपली घेऊन फिरली होती. "सगळ्यांनी फोन बंद करून यात टाका!"

मी नाही टाकला. कमरेला खोचला. का? अहो, सुलभा दर तासाला विचारणार, "झाला का सीन?" मधल्या वेळात उचलला नाही तर बाई सेटवर हजर! आणि फोन सायलेंटवर होता की. सायलेंट म्हणजे सायलेंट, नाही का?

सीन सुरू झाला. माझ्या बायकोचं काम वैशालीताई करत होत्या. काय रडल्या हो! डोळ्यांत औषध न घालता! माझ्या छातीवर डोकं ठेवून असा टाहो फोडला, की मेलेला असूनही मी हुंदका गिळला. सेटवर सगळे चिडीचूप.

आणि माझ्या कमरेत भोंगा वाजला!

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या गिरणीचा भोंगा याच्यापुढे बासरी वाटावा! वर ती थरथर. मी तिरडीसकट हलायला लागलो.

"अगं बाई! हे हलतायत!" वैशालीताई किंचाळल्या.

"फायर अलार्म! आग लागली! पळा!" कोणीतरी ओरडलं, की निघाले सगळे.

आता गंमत बघा. वाजतंय माझ्याच कमरेत, पण असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मलाही वाटलं, आगच! हातपाय बांधलेले, नाकातल्या कापसाने 'म'चा 'ब' झालेला. मी कोकलतोय, "अरे, बला सोडा! बला सोडा!"

सोडवायला वेळ कुणाला? पण खांदा द्यायला आणलेले चौघे मोठे भले. मागे फिरले, तिरडी खांद्यावर घेतली आणि थेट रस्त्यावर धावत सुटले!

समोरच्या टपरीवर ऑफिसवाल्यांची गर्दी. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून हात जोडले. एका गृहस्थांनी टोपी काढली. आणि मी आतून, "बला सोडा!"

पण तिथेही भोंगे वाजतच होते. प्रत्येकाच्या हातात! एका मुलीने फोनवरचं मोठ्याने वाचलं, "ही सरकारच्या आपत्कालीन सूचनेची चाचणी आहे. घाबरू नका."

लोकांनी बटणं दाबली. एकेक भोंगा बंद झाला. माझा सोडून! माझे हात बांधलेले ना!

सगळ्यांच्या माना तिरडीकडे वळल्या. श्वेताने कापड वर केलं आणि फोन खेचून काढला. "काका!"

"सायलेंटवर होता गं."

"सरकारी सूचना सायलेंटला जुमानत नाही, काका! पूर आला तर झोपलेला माणूस उठावा, म्हणून तर ती बनवलीय."

"भारीच आहे की," मेकअपदादा म्हणाला. "इथे मेलेला उठला!"

डायरेक्टर धापा टाकत आले. "खरी आग असती ना काका, तर तुमच्यामुळे आम्ही सगळे वाचलो असतो. मान्य! पण माझ्या टेकची वाट लागली त्याचं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैशालीताईंची हात जोडून माफी मागितली. त्या "असू दे हो" म्हणाल्या, पण पुढच्या टेकला माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या. पुन्हा टेक, पुन्हा हसू. माझं तोंड झाकलं, तरी "आत तेच आहेत ना?" म्हणून हसू!

शेवटी डायरेक्टरने मला सोडवलं आणि तिरडीवर एक गादी गुंडाळून ठेवली. वर कापड, हार, गुलाल. वैशालीताईंनी गादीला मिठी मारली आणि पहिल्याच टेकला सेट रडवला. मी बाजूला खुर्चीत, चहा पीत.

तो भाग लागला त्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या मजल्यापासून सगळे आलेले. सीन संपला. सुलभाने पदराने डोळे पुसले आणि चारचौघांत म्हणाली, "अहो, काय काम केलंयत! एवढी रडारड, पण तुम्ही जरासुद्धा हलला नाहीत!"

टाळ्या पडल्या. गादीच्या वतीने मी नम्रपणे मान खाली घातली.